वायरीला नातं नसतं

बुवेरे टेकडी, मसाका
४ ऑगस्ट १९९८

चि. नाकिबुलेस,
अ. उ. आ.

नेहमी माझी पत्रं चर्चमधले गुरुजी लिहून देतात. पण यातलं अवाक्षरही त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून वेडंवाकडं मीच लिहिते आहे.

तुझं ऐकून मानेसाठी मिशनच्या दवाखान्यात जाऊ लागले होते. उभा जन्म मटोके केळ्यांचे घड डोक्यावरून बाजारात नेले, मान धरणारच. तिथली पोरगी भली. पालथं निजवून मानेवर लाल दिव्याचा शेक देते, ऊब कशी सकाळच्या उन्हाची. मग पाठीला चिकट पट्ट्या लावून बारीक वीज सोडते. मुंग्या येतात आणि दुखणं मागे सरतं. मागच्या आठवड्यात कितीतरी दिवसांनी मान वळवून शेजारणीचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

परवा गेले तर पोरगी रजेवर. मी खांदे उघडे टाकून, उशीत तोंड खुपसून पडलेली. बदलीचा माणूस आला, पट्ट्या लावल्या, वीज वाढवली. माझा खांदा आपोआप उडायला लागला. त्याने फार लागत नाही ना असं विचारलं आणि मी आवाज ओळखला. लग्नापासून हाच आवाज अंगणातून माझी खुशाली विचारतो आणि मी दाराआडून उत्तर देते. तुझा नवरा ग. जावयाचे हात सासूच्या उघड्या मानेवर.

किंचाळले आणि पळत सुटले. पट्ट्या पाठीला, वायरी शेपटासारख्या मागे, अंगातला बुसुटीचा झगा कमरेपर्यंत उतरलेला. ओट्यावर पोरंबाळं घेतलेल्या बायांची रांग होती. सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून हात थरथरतात, चहाचा कप धरवत नाही. खांदा उडाला तेव्हाच कळलं, ओबुको लागला. सासू-जावयाचा स्पर्श झाला की ही थरथर मागे लागते, हे तुला मी काय सांगायचं. तुझ्या बाळंतपणाला मी येत नाही. असल्या हातांत बाळ कसं घेऊ, आणि त्यांच्या घरात कोणत्या तोंडाने शिरू?

लोभ ठेव असं म्हणायचीही लाज वाटते.
तुझी आई


जिंजा
१३ ऑगस्ट १९९८

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. अग, खांदा उडाला तो विजेने. जोर जास्त झाला तर बिशपचाही उडेल.

पण हसू फार टिकलं नाही. चार दिवसांच्या बदलीवर तुमच्या मिशनच्या दवाखान्यात गेलेले हे मसाक्याहून परतले ते तोंड लपवत. दवाखान्याच्या कागदावर तुझं बाप्तिस्म्याचं नाव होतं. सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून ह्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. तू किंचाळलीस तेव्हा ह्यांनी ओळखलं. ओबुको म्हणजे अडाण्यांचा बागुलबुवा असं चारचौघांत सांगणारा हा माणूस, आता पट्ट्या लावताना ह्यांचेही हात थरथरतात. ह्यांना तर वीज लागली नव्हती. विचारलं तर थंडी वाजते म्हणतात. जिंजात थंडी.

आणि मसाक्याच्या मेट्रनने जाब विचारला तेव्हा, आपणच वीज जास्त सोडली, त्या बाईची काही चूक नाही, असं सांगून सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. ती बाई आपली कोण, हे सांगितलं नाही. तुझ्या पाठीवर गेला तो पट्ट्यांचा एकच जोड होता. तिथे आता सगळ्यांचे उपचार अडलेत.

आई, माझं पहिलंच आहे, मला फार भीती वाटते. तू ये.

माझा लोभ आहे, म्हणूनच हट्ट करते.
तुझी नाकिबुले


बुवेरे टेकडी
२० ऑगस्ट १९९८

चि. जावईबापू सेम्वांगा यांस,
अ. उ. आ.

समोर बोलायची आपल्यात रीत नाही, कागदावर बोलायला कुणी मनाई केलेली नाही. नाकिबुलेच्या आत्याबाईंच्या हाती हे पत्र देते आहे. पट्ट्याही त्यांच्याकडेच दिल्या आहेत, निघताना आधी इथल्या मिशनच्या दवाखान्यात पोचवतील. धूळ बसू नये म्हणून केळीच्या पानात गुंडाळून ठेवल्या होत्या. माझ्यापायी दुसऱ्यांच्या माना अडल्या, हे ऐकून अन्न गोड लागेना.

आमच्यात रीतभात आत्याच सांगते, म्हणून आत्याबाईंच्या सांगण्यावरून झाडाच्या सालीचं कापडही पाठवते. तुम्हीही मला एक पाठवा, म्हणजे ओबुको उतरतो म्हणतात. वीज होती की ओबुको, हे आपण कशाला ठरवायचं? दोन्हींवर इलाज करू.

तुम्ही माझी लाज आपल्या अंगावर घेतलीत. जन्मभर मी घड वाहिले, पण माझं ओझं कुणी आपल्या डोक्यावर घेतलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्याची मला त्या पळण्याहून जास्त लाज वाटते.

बाळंतपणाला येते. ओसरीवर चटईचा आडोसा बांधून ठेवा. तुमच्या दवाखान्यातून यंत्र मागून आणता आलं तर पट्ट्या नाकिबुले लावेल, तुम्ही पलीकडे बसून बटण फिरवा, पण हळू. वायरीला नातं नसतं, आत्याबाईंना विचारून घेतलं आहे. दिवा तर काय, उन्हासारखा. ऊन सासूवर पडतं आणि जावयावरही.

बाळ झालं की आधी तुम्ही घ्या. मग नाकिबुलेच्या हातून माझ्याकडे द्या. हात थरथरले तरी मी घेईन. आपल्या दोघांत तेवढाच स्पर्श रीतीत बसतो.

लोभ पडद्याआडूनच, पण असू द्या.
नाकिबुलेची आई