भैरवनाथाच्या नावातले कोपरे

वस्ताद, त्या रविवारी सकाळी मी आंघोळ केली, चहासुद्धा न घेता राहुरीहून गावी आलो आणि भैरवनाथाच्या देवळासमोर शिडी लावून तुम्ही रंगवलेल्या अक्षरांचे फोटो काढले. देवळाची पुढची भिंत पडणार आहे. तिथं दगडी कमान होतेय, आणि भिंतीवरचं तुमचं 'श्री भैरवनाथ प्रसन्न' आता जसंच्या तसं स्टीलमध्ये कापून कमानीवर बसवायचं, असं गावानं ठरवलंय. काम माझ्याकडं आलं. तुम्ही लिहिलेलं शेवटचं नाव, आणि ते पुन्हा उभं करायला देवानं मलाच बोलावलं, म्हणून मी खुशीत होतो. त्याच दिवशी दुपारी माझ्या फ्लेक्सच्या दुकानात मी काम सोडून बसून राहीन, हे कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तुम्ही कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, म्हणून आधी एवढं सांगतो. फोटोवरून अक्षर उतरवायचं म्हणजे त्याच्या कडेकडेनं बिंदू रोवत जायचं. आम्ही त्याला नोड म्हणतो. जागेला आखणी करताना खुंट्या ठोकून दोरी फिरवतात, तसंच. फक्त ही दोरी वाकते, आणि कशी वाकायची ते खुंटी ठरवते. प्रत्येक नोडला दोन बाजूंना दोन दांड्या असतात. स्मूथ नोडच्या दांड्या तराजूच्या दांडीसारख्या एका ओळीत. एक खाली ओढली की दुसरी वर जाते, म्हणून रेघ न थांबता वळते. कस्प नोडच्या दांड्या मात्र एकमेकींना ओळखत नाहीत. ही इकडं, ती तिकडं. तिथं रेघेला कोपरा पडतो. 'व'चं पोट स्मूथवर फिरतं, आणि ते उभ्या कान्याला जाऊन भिडतं तिथं कस्प लागतो. कॉम्प्युटरला सोडून दिलं तर तो स्वतःच भसाभस नोड पेरतो, पण देवाच्या नावाला मी ते करत नाही. तुम्ही देवाच्या नावाला कधी खडूची आखणी केली नाही. अनवाणी उभं राहून, श्वास धरून, एका ओढीत गोलाई काढायचात. म्हणून मीही एकेक नोड हातानं रोवतो. "रेघ कुठं फिरती तेवढं बघ, मधलं हात आपसूक करतो," हे तुमचंच वाक्य आहे.

आणि तुमचा दुसरा नियम. देवाचं नाव लिहिताना कुणी बघायचं नाही. तो मी आजवर पाळत आलो. यात्रेचा फ्लेक्स करायला पोरं येतात, मी म्हणतो, देवाचं नाव बनवतोय, जरा तिकडं तोंड करा. ती हसतात. "दादा, देव लाजतो का काय? बघू का आता? मान आखडली राव!" दुकानात बिलं बघते ती माझी बायको. तीही उठून रस्त्याकडं तोंड करते आणि म्हणते, "तुमचे वस्ताद लई मोठे, पण भाजी आणायला हीच येळ बरी सापडती मला." आता तर राहुरीतले दुसरे फ्लेक्सवालेसुद्धा हे करतात. जुनी रीत आहे म्हणतात.

त्या दुपारी 'भ'च्या गोलाईवर मी स्मूथ नोड ठेवला आणि रेघ तुमच्या रंगाच्या कडेवर बसेना. दांडी ओढली, आखडली, नोड पुढं सरकवला. बसेना. मला वाटलं फोटो हलला असेल. मग नोड कस्प केला, आणि रेघ गपकन जागेवर बसली. म्हणजे तिथं कोपरा होता. खालून बघताना कधी दिसला नव्हता, पण होता. पुढं 'व' घेतला. तिथंही तेच. 'थ'ला तेच. प्रत्येक गोलाईच्या तळाशी, जिथं ब्रश खाली यायचा संपतो आणि वर चढायला लागतो, नेमका तिथंच तुमचा हात थांबला होता. वस्ताद, तुम्ही आणि गोलाईवर थांबणं! त्याच चुकीसाठी तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातला होता, "वळणावर थांबायला एस्टी हाय का ती?" म्हणून. मी माऊस सोडला.

दुकान बायकोवर टाकून मी पुन्हा गावी गेलो. तुमच्या घरी मावशी, तुमच्या कारभारीण, ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांना आता कमी दिसतं, पण पायरवावरून ओळखतात. मी सरळ विचारलं, "मावशी, देवळावर नाव लिहिलं तेव्हा वस्तादांच्या हाताला काही झालं होतं का?"

त्यांचे हात थांबले. "कुनी सांगितलं तुला?"

"कॉम्प्युटरवर अक्षर मोठं करून बघितलं."

"बया! येवढं दिसतं व्हय त्यात?" मग काड्या मोडता मोडता म्हणाल्या, "लई आधीपासून हुतं. च्याची बशी धरता येत नव्हती. उजवं मनगट डाव्या हातानं धरून लिवलं त्यांनी ते. आदल्या दिवशी हितं भितीवर पाण्यानं करून बघितलं. म्हून तर तुला पाठ करून उभा केला. मला म्हनले, पोराच्या ध्यानात माझा चांगला हात ऱ्हाऊ दे."

वस्ताद, ती सकाळ आता मला डोळ्यांपुढून हलवता येत नाही. तुम्ही शिडीवर चढता. मी नेहमीसारखा वर बघतो, आणि तुम्ही म्हणता, "आज बघायचं न्हाई. द्येवाचं नाव लिवताना पाठ करायची. शिडी मागून घट्ट धर." आधी असं कधी म्हणाला नव्हतात, तरी मला शंका आली नाही. मी शिडीला पाठ लावून उभा आहे, मागं हात करून दोन्ही बाजू धरल्यात, पुढ्यात चिंच आहे. वरून तुमचा श्वास ऐकू येतो. थांबतो, पुन्हा चालू होतो. मला वाटतं तुम्ही जप करताय. एक मनगट दुसऱ्या हातात, म्हणजे शिडीला तुमचा एकही हात नव्हता, आणि मी खाली चिंच बघत होतो! उतरल्यावर तुम्ही ब्रश धुतला नाही, कागदात गुंडाळलात आणि म्हणालात, "उद्यापून येऊ नको. नगरला जा, कॉम्प्युटर शिक." मी समजलो, माझं काहीतरी चुकलं. गाव समजलं, वस्तादांनी देवाला ब्रश वाहिला. तुम्ही गेलात तेव्हाही मी खांदा देताना हेच धरून होतो, की तुमचा राग शेवटपर्यंत गेला नाही.

दोन दिवसांनी मंदिर समितीचे अध्यक्ष दुकानात आले. स्क्रीनवर बघून म्हणाले, "ते खालचं जरा खडबडीत वाटतंय. गुळगुळीत करून टाका की, तुम्हाला काय, एक बटण. स्टीलात कापलं की जन्माचं झालं." खोटं नव्हतं ते. सगळे नोड निवडायचे आणि स्मूथ दाबायचं, झालं. मी नोड निवडलेसुद्धा. तुम्ही जे झाकलंत ते मी उन्हात चमकत ठेवायचं, हे मनाला पटेना. आणि दाबलं तर ते अक्षर कुणाचंच राहणार नव्हतं. बोट माऊसवर तसंच राहिलं. त्या दिवशी गावाहून निघताना मावशींना मी विचारलं होतं, कोपरे ठेवू का काढू? त्या म्हणाल्या होत्या, "त्यांनी तुझ्यापून झाकलं. द्येवापून कुटं झाकलं?"

मी अध्यक्षांना म्हणालो, असंच जाईल, नाहीतर काम दुसऱ्याला द्या. "बरं बाबा. वस्तादांचंच हाय ना? ऱ्हाऊ द्या."

काल नगरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला अक्षरं कापून घेतली. एकही कोपरा काढलेला नाही. मशीनचं तोंड गोलाईवरून सरसर जातं आणि कोपरा आला की आवाज बदलतो, किंचित थबकतं, मग पुढं निघतं. 'भ'च्या तळाशी थबकलं. 'व'च्या तळाशी थबकलं. मशीनवरचा माणूस ओरडला, "ओ काका, मशीन इकडं हाय, तिकडं भिंतीत काय बघताय?" मी पाठ करून उभा होतो. हात मागं होते.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, आता तो तोंड फिरवायचा नियम तरी सुटला का? मी म्हणालो, आहे तसाच आहे. तो कशासाठी होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.