तोमारू पळाला नव्हता

मी, केसरीनाथ सावळाराम भोईर, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा केबल टीव्ही, राहणार कामतघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. तरी ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही गल्लीत उभे राहून कोणती वायर कोणाच्या घरात जाते ते मला विचारावे. मी हे कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कोणी सांगितले असते तर लिहिलेच नसते.

१. राहते घर मी स्वतः बांधलेले आहे. ते मुलगा भाविक आणि मुलगी उन्नती यांना निम्मे निम्मे. माडीवरची खोली उन्नतीची. भाविकने तिथे भरून ठेवलेले खोके आठ दिवसांत हलवावेत. बँकेत जे निघेल तेही दोघांत सारखे.

२. सिग्नल मीटर, पक्कड आणि वायरची गुंडाळी लाइनमन पंढरीला. अकरा वर्षे तो माझ्यासाठी पावसात खांबावर चढला. शिडीही त्याचीच, पण ती माझा चुलतभाऊ तुळशीराम याने गणपतीत नेली ती नेलीच. शिडी आपली आहे असे तो म्हणेल. खालच्या पायरीवर माझे नाव कोरलेले आहे.

३. 'कोहरे का किला' या जपानी कार्टूनविषयी. हे कलम वाचताना कोणी हसू नये.

ही मालिका हिंदीत साडेपाचला लागायची आणि पावणेसहाला लोडशेडिंग. कापडाचे लूम थांबले की सगळी गल्ली ओट्यावर यायची आणि उरलेली गोष्ट आपल्या मनाने पुरी करायची. त्यातून झालेले गैरसमज मी येथे रद्द करतो. त्यातला किल्ल्याचा शिपाई तोमारू ही बाई नाही. त्याचे केस लांब आहेत आणि हिंदीत त्याला बाईचा आवाज दिला होता, इतकेच. तो सरदाराचा सख्खा भाऊ नाही. आपण शेजाऱ्यालाही भाऊ म्हणतो, तसा तो 'भैया' म्हणतो.

शेवटच्या भागात तोमारूने किल्ल्याची चावी शत्रूच्या हातात दिली, पाठ फिरवली, आणि लाइट गेली. तुळशीराम ओट्यावरून ओरडला, "तोमारू पलाला रं!" तेव्हापासून कामतघरात अंग चोरणाऱ्याला तोमारू म्हणतात.

उन्नतीने कार्टून काढणाऱ्यांनीच छापलेले पुस्तक मुंबईहून मिळवले आणि खरी हकिकत मराठीत वहीत उतरवली. चावी खोटी होती. बाकीच्यांना निसटायला वेळ मिळावा म्हणून तोमारू मागे फिरला आणि त्याने दरवाजा आतून लावून घेतला. तो बाहेर आलाच नाही. तिने मला हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, "मंग सगली गल्ली काय येडी हाय?" माझ्या कंट्रोल रूमला बॅटरी होती. पुढचे मला पाहता आले असते. मी खाली गप्पा मारत बसलो होतो.

४. पत्नी कमळा शेवटच्या आजारात असताना उन्नती अकलोलीच्या शाळेत नोकरीवर हजर झाली. पाचव्या दिवशी कमळा गेली. तेराव्याला पंगतीत सगळ्यांसमोर मी माझ्या मुलीला तोमारू म्हणालो. ती ताटावरून उठली आणि गेली. त्याला दोन वर्षे झाली.

या दिवाळीत शेजारीण ठकुबाई मला म्हणाल्या, "केसरी, पोर पलाली न्हाय. कमलीनंच तिला धाडली. नोकरीची तारीख चुकवलीस तं मी औषीद घेनार न्हाय, असा दम दिला. आनि तुला सांगायचं न्हाय, अशी शपथ घातली."

मुलीने दोन वर्षे शिवी सोसली आणि शपथ पाळली. मी चुकलो. हे मी साक्षीदारांसमोर लिहून देतो.

५. माझ्या मृत्यूनंतर भाविकने अकलोलीला जावे आणि माझ्या वतीने उन्नतीची माफी मागावी.

६. माझ्या तेराव्याला त्या मालिकेचा शेवटचा भाग गल्लीत पडदा लावून पुरा दाखवावा. पुस्तकासोबत आलेली सीडी माडीवर उन्नतीच्या वहीत आहे. जनरेटर आधीच आणून ठेवावा. तुळशीरामला पहिल्या रांगेत बसवावे आणि मध्येच उठू देऊ नये.

दुरुस्ती: कलम पाच मी माझ्या हाताने खोडले आहे आणि शेजारी सही केली आहे. कारण, सही करण्याआधी कागद वाचून दाखवला तेव्हा ठकुबाई म्हणाल्या, "म्हंजे पोरीनं तुझ्या मरनाची वाट बगायची?"

खोडलेल्या जागी असे वाचावे: येत्या रविवारी पहिल्या एसटीने मी स्वतः अकलोलीला जाणार. भाविक सोबत नको. उन्नतीने दार उघडले नाही तर मी पायरीवर बसून राहीन. उघडले तर तिचे बोलणे पुरते ऐकून घेईन, मगच तोंड उघडीन.

लिहून देणार: केसरीनाथ सावळाराम भोईर (सही)

साक्षीदार:
१. ठकुबाई रघू म्हात्रे (डाव्या हाताचा अंगठा)
२. प्रभाकर दामोदर वैद्य, निवृत्त कारकून (सही)

स्थळ: कामतघर, भिवंडी
गुरुवार, २२ नोव्हेंबर २००७