शेवटच्या कोर्टापर्यंत

३ फेब्रुवारी

तीन वर्षं! सगळ्यांना सारखीच. कप्तानाला जेवढी, तेवढीच दादाला.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या वाचनालयात टिपणं काढत बसले होते. विषय काय, तर परक्या देशात अडकलेल्या नागरिकाचं संरक्षण. हसावं की रडावं! वहिनी एवढंच म्हणाली, "घरी ये. भांडी पडलीयेत आणि मला उभं राहवत नाहीये." आले. भांडी घासली.

दादा जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो. टाकीत कागदावर नसलेलं डिझेल भरलं ते मालकाने, हे तिथल्या पोलिसांनाही माहीत आहे. मालकाने हात वर केले आणि त्या परक्या बंदरात जहाजासकट माणसं अडकली. इतके महिने कच्चे कैदी होते. आता पक्के.

आईला अजून "खटला चालू आहे" एवढंच सांगितलंय. ती काही विचारत नाही. म्हणजे तिला कळलंय.

६ फेब्रुवारी

सकाळी वर्ग, दुपारी परराष्ट्र खात्याची खिडकी. तिथल्या बाई वाईट नाहीत. दरवेळी बसा म्हणतात, पाणी देतात. "आम्ही पाठपुरावा करतोय." मी सरळ विचारलं — सरकार दादासाठी त्या देशाशी भांडणार का? त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो शासनाचा निर्णय असतो, बाळा."

माहितीये! त्यावरच तर दरवर्षी प्रश्न येतो. नागरिकाला परदेशात इजा झाली की ती त्याच्या देशालाच झाली असं धरतात. आणि मग भांडायचं की गप्प बसायचं ते देश ठरवणार. ज्याला इजा झाली त्याला कोणी विचारत नाही. पाठ आहे मला हे सगळं. पाठ असलेल्या गोष्टीचा इतका संताप येतो हे मात्र नवीन.

७ फेब्रुवारी

नुसती झोपले.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. रविवारी थोडाच वेळ मिळतो त्यांना, मागे रांग असते. आधी आई, मग वहिनी, उरलंसुरलं माझ्या वाट्याला.

"चिमे, इथला वकील विचारतोय, वरच्या कोर्टात अपील करायचं का. महिन्याच्या आत सांगायचंय. बाकीचे नको म्हणतायत."

"आणि तू?"

"दमलोय गं. निकाल लागला, एकदाचं गंगेत घोडं न्हालं. इथले जुने कैदी म्हणतात, निमूट राहिलं की मधेअधे माफी मिळते."

मी भडकले. "माफी गुन्हेगाराला असते, दादा! तू काय केलंयस?"

मग म्हणाला, "तेही खरंच म्हणा." आणि फोन बंद झाला.

वहिनीने लगेच विचारलं, "तुझ्या पुस्तकात काय आहे यावर?" ही तिची जुनी खोड. मी कायद्याला नाव घातलं तेव्हापासून! दूध नासलं तरी, नळ गळला तरी — तुझ्या पुस्तकात काय आहे यावर, वकिलीणबाई? आज मात्र हसली नाही. खरंच विचारत होती. मी म्हटलं, बघते.

१२ फेब्रुवारी

मूट कोर्टाच्या चिठ्ठ्या निघाल्या. मूट म्हणजे आमचं लुटुपुटीचं न्यायालय — दोन खोटे देश, एक खोटं भांडण, आणि निवाडा करायला बाहेरून आलेली खरी मोठी माणसं. बाजू आपण निवडायची नाही. कलम सर बिस्किटांचा रिकामा डबा फिरवतात, त्यातली चिठ्ठी उचलायची. (कलम सर, कारण बापाने हाक मारली तरी विचारतील, "कोणत्या कलमाखाली?") आणि त्यांचा नियम असा, की एकदा चिठ्ठी आली की मूट संपेपर्यंत तीच बाजू आपली. चहा पितानासुद्धा तिच्याविरुद्ध शब्द काढायचा नाही. "खोटं बोलायचं नाही, खरं मानायचं!"

यंदाचं भांडण — एका देशाने दुसऱ्याची मासेमारी बोट पकडली आणि खलाशांना तुरुंगात टाकलं.

आमची चिठ्ठी: पकडणारा देश.

माझा जोडीदार, ढापण्या, खूश. "सोपी बाजू आली रे देवा!" मी तोंड धुवायला गेले. बराच वेळ धुतलं.

दादाचं वर्गात कोणाला माहीत नाही. मागे जहाजाची बातमी आली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं होतं, "तस्करांसाठी देशाने कशाला भांडायचं?" सगळे हसले. मी मान खाली घालून वहीत तारीख लिहीत राहिले. त्यानंतर सांगायचा धीरच झाला नाही.

१८ फेब्रुवारी

मुद्दा सापडला. आणि असा सापडला की ढापण्या खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

माणसाने आधी त्याच देशातली सगळी कोर्टं झिजवायची. खालचं, वरचं, शेवटचं. तोवर त्याच्या स्वतःच्या देशाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाता येत नाही. घरातली भांडणं आधी घरात, तसं. आणि मूटमधल्या खलाशांनी अपील केलेलंच नाही! शिक्षा झाली आणि गप्प बसले. म्हणजे खरंखोटं बघायचंच नाही. दावा दारातच फेटाळा!

चार पानं एका बैठकीत लिहिली. घरी येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं आणि लक्षात आलं. उद्या आपल्या सरकारला सुबुद्धी झालीच, दादासाठी भांडायला उभं राहिलंच, तर तिकडचा वकील माझी हीच चार पानं वाचून दाखवेल. दादाने अपील केलं नाही. फेटाळा!

२० फेब्रुवारी

कलम सरांना गाठलं. त्यांच्या खोलीबाहेर तासभर उभी होते. ठरवून गेले होते सगळं सांगायचं. तोंडातून निघालं ते हे — "सर, समजा एखाद्या खलाशाला शिक्षा झाली आणि त्याने अपील केलं नाही…"

सर खुलले. त्यांना 'समजा' फार आवडतं. "मग त्याचा दावा मेला! शेवटच्या कोर्टापर्यंत जायलाच हवं. अपवाद एकच, तिथली कोर्टं निव्वळ देखावा असतील तर. पण ते शाबीत कोण करणार? म्हणून शहाणा खलाशी अपील करतोच करतो!" वर म्हणाले, "छान विचार करतेस. कोणत्या कलमाखाली?"

सांगितलं कलम. मागे दोघं ताटकळत होते. बाकीचं सांगायचं राहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरात रणकंदन.

आईला आता सगळं माहीत आहे (होतंच). ती म्हणाली, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." मी म्हटलं, "मग मला कशाला घातलंस कायद्याला?" ती म्हणाली, "तुझ्या बापाने घातलं." झालं!

वहिनीचं म्हणणं, नको. "ते थकलेत गं. मीही थकलेय. आता परत तारखा, परत वकील. जे झालं ते मान्य करावं, दिवस भरावेत, यावं घरी." मी तिला समजावलं. म्हणजे युक्तिवादच केला — पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, प्रतिपक्ष काय म्हणेल, त्याला उत्तर काय. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून! त्याने काही केलं नसताना गुन्हेगार म्हणून कशाला परत यायचं? पुन्हा कुठलं जहाज घेईल त्याला? दार बंद करायचं नाही, वहिनी. दार उघडं ठेवायचं.

ती भाजी चिरत होती. चिरून संपली तरी विळीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "तुला कळतं त्यातलं. मला काय कळतंय? तूच सांग त्यांना."

फोन आला. मी सांगितलं. दादाने मधे एकदाही तोडलं नाही. "चिमे, तू म्हणतेस तर करतो."

बरं वाटलं. खूप दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटलं.

२७ फेब्रुवारी

जिंकलो!

निवाड्याला एक निवृत्त राजदूत होते, पांढऱ्या मिशांचे. म्हणाले, "बाई, तुम्ही त्या खलाशांना न्यायालयाच्या उंबऱ्यातच झोपवलंत." टाळ्या. ढापण्याने मला जवळजवळ उचललंच. सर नुसते मान हलवत होते, आणि त्यांचं मान हलवणं म्हणजे लग्नाची वरात.

ढाल घरी आणली. वहिनीने कपाटावर दादाच्या फोटोशेजारी ठेवली. "कोणाला हरवलंस?"

"एका खोट्या देशाला."

"बरं केलंस," म्हणाली, आणि जेवायला वाढलं. मला चार घास गेले नाहीत.

५ मार्च

अपील दाखल झालं. सगळ्या जहाजातून दादा एकटाच.

२२ मार्च

तारीख नाही.

६ एप्रिल, रविवार

तारीख नाही. आईचे गुडघे, वहिनीचं काम, माझी परीक्षा. तिघींना तीन खोल्यांत तीन वेळा भूक लागते. कोणी कोणाला थांबत नाही हल्ली जेवायला.

१४ एप्रिल

पेपर. दुसराच प्रश्न — 'स्थानिक न्यायमार्ग संपवण्याचा नियम सोदाहरण स्पष्ट करा.' सोदाहरण! पुरवणी मागितली, परत मागितली. शेजारची माझ्याकडे रागाने बघत होती. उत्तर इतकं चांगलं झालं की शेवटची ओळ लिहिताना माझी मलाच शिसारी आली.

२७ एप्रिल, रविवार

दादाशी बोलले. त्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवलंय. ते आता पक्क्या कैद्यांच्या इमारतीत, त्यांना मुदपाकखान्यात काम मिळालंय, एकत्र असतात. याचं अपील चालू, म्हणून हा अजून कच्चा, पलीकडच्या इमारतीत. आसपास त्याची भाषा बोलणारं कोणी नाही.

"पत्ते खेळायला कोणी नाही गं," एवढंच म्हणाला. हसत म्हणाला. मी म्हटलं, "थोडेच दिवस, दादा." कशाच्या जिवावर म्हटलं, मला माहीत नाही.

वहिनीने आज पुस्तकाचं विचारलं नाही.

१५ मे

माफी!!

खात्यातल्या बाईंचा फोन आला, त्या स्वतः रडवेल्या झाल्या होत्या. त्या देशात कसलासा मोठा राष्ट्रीय दिवस आहे, त्यानिमित्त परदेशी कैदी सोडणार आहेत. आपल्या जहाजावरचे लोक त्यात आहेत! नावांचा कागद उद्या मिळेल.

वहिनीने फोन आईच्या हातात दिला, आईने माझ्या, मी परत वहिनीच्या. कोणाला काही ऐकूच येईना. मग आई म्हणाली, "त्याचे सदरे काढा, कुबट वास येत असेल." वहिनीने सगळे सदरे दोरीवर टाकले. निळा तेवढा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. परत परत जाऊन कॉलर सरळ करत होती. मी तिला चिडवलं, "सदऱ्याशीच संसार करणार की काय?" तर तिने मला उलथनं दाखवलं. किती दिवसांनी!

माफी तर माफी! हक्क नि न्याय गेले चुलीत. येऊ दे त्याला घरी.

१६ मे

दादाचं नाव नाही.

शिक्षा अंतिम झालेल्यांनाच माफी. ज्यांचं अपील चालू, त्यांना नाही. कारण त्यांची शिक्षाच अजून पक्की नाही. अपील मागे घेतलं तर? विचारलं. यादी बंद झाली. बाकीचे सगळे मंगळवारच्या विमानाने येतायत.

सरांना 'समजा' म्हणाले मी. 'माझा भाऊ' म्हणाले नाही. आणि ओट्याला टेकून त्या दोघींनाही हरवलं. मी केलं हे. मीच.

वहिनीने निळा सदरा घडी करून कपाटात ठेवला. चहा केला. एक कप माझ्यापुढे ठेवून समोर बसली. ओरडली नाही, रडली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या पुस्तकात काय आहे यावर?"