मनगटाला बांधलेली ओढणी

प्रिय बाबा, नमस्कार.

आम्ही दोघी सुखरूप आहोत. अलिबागच्या किल्ल्यात तोफा बघता बघता भरती आली आणि परतीची वाट पाण्याखाली गेली. ओहोटीपर्यंत इथेच थांबणार. मोबाईल बंद पडलाय, म्हणून हे पत्र; किनाऱ्यावर पोचले की पोस्टात टाकेन. आईला इतक्यात सांगू नका. तिचा खोकला कसा आहे?

करिश्मा ऐकत नाही. "ताई, कोळ्याच्या पोरी आपण! एवढ्याशा पाण्याला घाबरतेस? ग्रॅज्युएट झालीस आणि भित्री झालीस!"

पाणी एवढंसं नाही, बाबा. आपल्या दिवा गावची खाडी सांडपाण्याने काळी पडली, म्हणून तुम्ही आम्हाला कधी पाण्यात उतरू दिलं नाहीत. तिची ओढणी मनगटाला बांधूनच लिहितेय. ती हिसके देते, म्हणून अक्षर असं आलंय. ती ओढणी टाकून धावली तर?

घरी आल्यावर आम्हाला पोहायला शिकवाल ना?

तुमची,
दक्षता