बंद करायचं राहिलेलं रेकॉर्डिंग

धर्मापुरी,
सोमवार

प्रिय युवराज,

खोलीमालकाने हे पाकीट हातात दिल्यावर दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, शेळीसुद्धा. पत्र एवढ्यासाठीच, की हे फोनवर लिहिलं तर घरात कुणीतरी वाचेल. तू म्हणशील, आपल्या घरात ताईशिवाय वाचणारं आहे तरी कोण? जरा थांब. मी क्रमाने सांगणार आहे. क्रम चुकला की काहीतरी राहिलं असं मला दिवसभर वाटत राहतं.

बारा दिवसांपूर्वी तू विचारलंस, "ताई, रविवारी संध्याकाळी तू तासभर टाइप करताना दिसतीस अन् येत काहीच न्हाई. एवढं काय लिहून खोडतीस?" मी म्हटलं, मी नव्हते. तू म्हणालास, "खोटं बोलायला बी कॉलेजातच शिकलीस व्हय?" ते मला लागलं. चार दिवस लागलेलंच होतं. त्याचा खुलासा या पत्रात आहे, पण तो आईपासून सुरू होतो.

तू सहा-सात मिनिटं बोलतोस आणि फोन ठेवला की आई दर वेळी म्हणते, "झालं? आत्ता कुठं नीट दिसाया लागला होता." एका रविवारी तिने मला हुकूमच केला, "टीव्हीवर तेच तेच पुन्हा दावत्यात, मंग माझं लेकरू कावून न्हाई? तू एवढी शिकलीस, त्याला धरून ठेव त्या फोनात." घरात शिकलेली मी एकटी, म्हणून शेगडीपासून मोटरच्या स्टार्टरपर्यंत जे बिघडेल ते माझ्या पदवीवर येतं, हे तुला माहीतच आहे.

स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय फोनमध्ये असतेच, असं नेटवरचे सगळे छातीठोकपणे सांगतात. वरून बोट खाली ओढा, बटण दिसेल. मी ओढलं. टॉर्च दिसला, विमान दिसलं. ते विमान चुकून दाबलं गेलं आणि दीड दिवस आपला फोन कुणालाच लागला नाही. आई म्हणाली, "घरातला माणूस बोलंना, आता फोन बी रुसला." तीन दिवसांनी कळलं, बोट दोनदा ओढायचं. मग कोपऱ्यात पेन्सिलीचं चित्र येतं, ते दाबलं की खाली अडगळीत टाकलेली बटणं दिसतात आणि त्यातलं हवं ते धरून वर आणायचं. मी आणलं. आणताना आणखी एक काहीतरी सुरू झालं. बोट जिथे टेकेल तिथे पडद्यावर पांढरा ठिपका उमटायला लागला. तो कसा घालवायचा ते मला अजून सापडलेलं नाही. हा ठिपका ध्यानात ठेव.

मग माझं मन खायला लागलं, की न विचारता कुणाला धरून ठेवणं बरं नव्हे. म्हणून त्या रविवारी तू फोन उचलताच मी कागदावरून वाचलं, "हा संवाद ध्वनिचित्रमुद्रित करण्यात येत आहे, हरकत असल्यास आत्ताच सांगावी." त्याचा परिणाम तू पाहिलासच. आई पदर सावरून सभेतल्या पाहुणीसारखी बसली आणि म्हणाली, "आम्ही सर्व कुशल आहोत." शेजारच्या रुक्मिणीबाई घरी जाऊन नवं लुगडं नेसून आल्या. आणि तू, ज्याने जन्मात मला अहो-जाहो केलं नाही, तू म्हणालास, "सर्वांना सप्रेम जयभीम, आपली तब्येत कशी आहे?"

एवढं करून त्यात आवाजच आला नाही! नुसती तोंडं हलत होती. मी माइकचं बटण शोधलं, चालू केलं, फोन बंद करून पुन्हा लावला. पुढच्या रविवारीही तू मुकाच. शेवटी कळलं, की कॉल चालू असतो तेव्हा माइक त्या कॉलच्याच ताब्यात असतो, रेकॉर्डिंगला मिळत नाही. म्हणजे माझी चूक नव्हती. ते आईला सांगायला मला अर्धा तास लागला आणि ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आवाज कशाला पायजे? मला ठावं हाय तो काय बोलला." आता ती ते मुकं चित्र रुक्मिणीबाईंना दाखवते आणि तुझा आवाज स्वतः काढते. तू प्रत्यक्षात म्हणाला होतास, "नेट जातंय, आवाज येतो का?" आईच्या मते तू म्हणतोस, "आई, तुझ्या हातच्या भाकरीची लई याद येती." रुक्मिणीबाई डोळे पुसतात. मी खरं सांगायला एकदा तोंड उघडलं होतं, पण आईने असं पाहिलं की मिटून घेतलं.

आता आबांचं. माझ्या निकालाच्या दिवशीचं पुन्हा लिहू नये असं वाटतं, पण क्रमात येतं. आबा पारावर पेढे वाटत होते आणि वाटता वाटता चार माणसांत तुला बोलले, "बहिणीकडं बघ. अन् तू दहावीच्या दोन इषयांत आडवा!" ते चूकच होतं. पण तूही सगळ्यांदेखत म्हणालास, "अंगठेबहाद्दर बापानं मला शिकवू न्हाई. माझं नाव लिहून दावा, त्या दिवशी परीक्षेचा फारम भरतो." पारावर बसलेले बंकटमामा हसले. आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तू पुण्याची गाडी धरलीस. आज आठ महिने झाले. तुझा फोन वाजला की आबा शेळीला पाणी पाजायला उठतात. रविवारी त्या शेळीला तीनदा पाणी पाजलं जातं.

त्याच शेळीवर मी एक आळ घेतला होता. विहारात रविवारी मुलांची शिकवणी घेते, त्यासाठी आणलेली अंकलिपी नाहीशी झाली. शेळीने खाल्ली असं मी ठरवलं आणि दोन दिवस तिला आखूड दाव्याने बांधलं. आबा समोर बसून होते. उठून त्यांनी तिच्यापुढे जास्तीचा चारा टाकला.

गेल्याच्या गेल्या रविवारी तुझा फोन झाला, मी फोन चार्जिंगला लावला आणि विहाराकडे पळाले. आई रुक्मिणीबाईंकडे बातमी सांगायला गेली. मी परत आले तर फोन सांगत होता की जागा भरली. रेकॉर्डिंग थांबवायचं राहूनच गेलं होतं! एक तास बावन्न मिनिटं. न बघता काही पुसायचं नाही, ही माझी सवय, म्हणून बघत बसले. आधी तू, मग तुझ्या खोलीचं छत, मग काहीच नाही.

मग पडद्यावर तो पांढरा ठिपका आला. मला आधी चोर वाटला. ठिपक्याने तुझं आधीच्या रविवारचं मुकं चित्र उघडलं आणि तुझा चेहरा एवढा मोठा केला, की पडद्यावर नुसतं नाकच राहिलं. ते बराच वेळ तसंच होतं. मग ठिपका तुझ्या नावावर आला आणि अक्षरं उमटायला लागली. एक अक्षर, दोन चुकीची, ती पुसली, पुन्हा एक. ठिपका रुंद होता, दोन-दोन अक्षरांवर एकदम पडत होता. तेव्हा मला समजलं. आबांच्या तर्जनीचं पेर ऊसतोडीत कोयत्याने गेलं, ते सगळं अंगठ्यानेच करतात.

ओळ एवढीच होती: "युवराज जेवलास का". एकेचाळीस मिनिटं लागली, मी मोजली. मग ठिपका पाठवायच्या बाणाशी यायचा, शेजारी टेकायचा आणि उठायचा. असं सात वेळा. नंतर शेवटापासून एकेक अक्षर पुसत गेला. तुझ्या नावाशी येऊन मात्र थांबला. नऊ मिनिटं पडद्यावर फक्त "युवराज" होतं. मग ते घाईघाईने पुसलं गेलं. आई दारात आली असावी.

अंकलिपी आबांच्या घोंगडीच्या घडीत सापडली. शेवटच्या पानापर्यंत अंगठ्याचे डाग आहेत. ती मी होती तशी ठेवली आणि शेळीची माफी मागितली.

घरातल्या प्रत्येकाला परवानगीचा कागद वाचून दाखवणाऱ्या मी हे न विचारता पाहिलं, याची मला शरम वाटते. म्हणून ते रेकॉर्डिंग तुला पाठवणार नाही. पुसायलाही हात होत नाही. परीक्षेच्या फॉर्मबद्दलही मी काही म्हणत नाही, तो तुझा शब्द, तू जाण. (शेवटची तारीख पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिली आहे, केवळ माहिती म्हणून.) तुला हे कळलंय हे आबांना कधीच कळू देऊ नकोस. एवढंच कर. रविवारी सव्वासहाला, मी विहारात असते तेव्हा, फोन उघडून बसून राहा. माझ्या नावाखाली टाइप होतंय असं दिसलं, तर विचारू नकोस, चेष्टा करू नकोस, मधेच फोन लावू नकोस. तासभर काही आलं नाही तरी हलू नकोस. आणि आलं, तर पोटात काही असो नसो, जेवलो म्हण. साध्या, सुट्या अक्षरांत लिही. त्यांना वाचता येतं.

तुझीच आणि शेळीची अपराधी,
दीपमालाताई