डोंगरावरचे हे

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. माणिकवन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली नाचणी आणि वालाच्या शेंगा पोचल्या. उसळ केली, एकटीनेच खाल्ली.

हे दिवाळीनंतर तुमच्याकडे आठ दिवसांसाठी आले होते, पाण्याच्या टाकीची गळती काढायला. टाकी एवढी मोठी आहे का हो, की संक्रांत आली तरी गळतेच आहे? फोनवर विचारावं तर तुमच्या टेकडीवर रेंज नाही, आणि मिळाली तरी यांचं आपलं येतो, येतो. म्हणून तुम्हालाच लिहिते.

आमच्या लेकाला, देवेशला, तुम्ही पाठवलेला फोटो त्याने मला दाखवला. मातीच्या चुलीशेजारी बसून हे हसताहेत. चूल यांनी घातली म्हणे! वन्सं, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, इथे यांनी कधी बल्ब बदललेला नाही. निवृत्त झाल्यापासून तर नुसता पेपर आणि खिडकी. तुम्ही काय खायला घालता ते मलाही कळवा, मी इथे करून घालीन.

तिळगूळ पाठवलाय. खा दोघं. गोड बोलायचं नंतर बघू.

तुमची,
वनमाला

सावरपाडा, मुरबाड,
३० जानेवारी

चि. सौ. वनमालास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा एकदा वाचलं.

टाकी केव्हाच झाली. मग चूल झाली. मग कोंबड्यांना बांबूचं खुराडं झालं. आता देवदत्त सकाळी दव असतानाच शेंगा तोडायला जातो, आणि दुपारी पाड्यावरची रुक्मिणी त्याला भाकरी थापायला शिकवते. पहिल्या सगळ्या फाटल्या, त्या कोंबड्यांच्या वाट्याला गेल्या. आता बऱ्या जमतात.

मी तुझा नवरा पळवला नाही गं. पण यजमान गेल्यावर घाटकोपरची जागा सोडून इथे आले, तेव्हापासून एकटीच आहे. घरात दुसऱ्या माणसाचं खोकणं ऐकू आलं तरी बरं वाटतं. त्याला जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, खरं सांगते.

तूच ये ना. आंब्याला मोहोर आलाय, कढीपत्ता उंबऱ्यात आलाय. तू आलीस तर मला दोघं मिळतील.

वाट बघणारी,
माणिक

मुलुंड (पूर्व),
१० मार्च

ती. माणिकवन्संना,
शि. सा. न. वि. वि.

रुक्मिणी कोण, कशी, किती वयाची, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मीही विचारलं नाही. सरळ आलेच. गेल्या बुधवारी, कुणाला न सांगता. कल्याणहून एसटी, पुढे जीप, मग ती चढण. कुंपणापर्यंत पोचले.

रुक्मिणी दिसली. सत्तरीची, तोंडात दात नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं. पण हे बोलत होते, वन्सं. कोपरापर्यंत शेणाचे हात, अंगण सारवताहेत, आणि ऑफिसातली कसलीशी गंमत तुम्हा दोघींना सांगताहेत. तुम्ही तर पोट धरून हसत होतात. ती गंमत मी कधी ऐकलेली नाही. इथे दिवसभरात मीठ कमी आहे, एवढं एक वाक्य मिळालं तरी मी धन्य.

ओल्या अंगणातून पुढे यायचा धीर झाला नाही. तशीच परत फिरले.

दुसरी बाई असती तर झिंज्या धरून भांडले असते. डोंगराशी काय भांडू? जळते मी तुमच्यावर. तुमच्या कोंबड्यांवरसुद्धा. हे पत्र यांना दाखवलंत तरी चालेल.

रागावू नका, रागावलात तर तसं कळवा.
वनमाला

सावरपाडा,
१८ मार्च

चि. सौ. वनमालास,
अ. उ. आ.

पत्र त्याला दाखवलं. वाचलं, हातपाय धुतले आणि पिशवी भरायला लागला. मी थांब म्हटलं नाही. जेवून जाशील ना, एवढंच विचारलं. उद्या निघतोय, हे पत्र त्याच्याच हाती देते.

कुंपणापर्यंत आलीस आणि घोटभर पाणी न पिता गेलीस, हे मात्र मला लागलं. तू जळतेस म्हणालीस. उद्यापासून माझी पाळी. तुझ्याकडे दोन ताटं वाढलेली असतील तेव्हा मी इथे एकटीच चुलीपाशी बसलेली असेन.

सुखी राहा दोघं.
माणिक

मुलुंड (पूर्व),
६ एप्रिल

ती. माणिकवन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे आले. हातात तुमचा सुरण घेऊन दारात उभे, आणि मला विचारतात, चपला कुठे ठेवू. स्वतःच्या घरात!

पुन्हा पेपर, पुन्हा खिडकी. मी बाल्कनीत कुंड्या आणून ठेवल्या, तर छान आहेत म्हणाले आणि आत गेले. शेवटी न राहवून विचारलं, की वन्संकडे एवढं बोलता, मग माझ्याशीच का नाही. तर म्हणाले, "तिथे कुणी ना कुणी माझ्याकडे काहीतरी मागतं. इथे तुझं सगळं आधीच झालेलं असतं, वनू."

राग आला हो. घरातलं सगळं वेळच्या वेळी केलं, हा माझा गुन्हा? मी बोलणंच टाकलं. तर एका सकाळी हे आपणहून बाजारात गेले, मेथी आणली आणि निवडूनही ठेवली, मुळांसकट. मी परत निवडायला घेतली आणि हात थांबला. तशीच फोडणीला टाकली. दाताखाली कचकच माती. दोघांनी निमूट खाल्ली. हे मात्र गालातल्या गालात हसत होते.

माझा हेवा गेला म्हणाल तर नाही. रोज सकाळी हे मोबाइलवर मुलुंडचं सोडून मुरबाडचं हवामान बघतात, तेव्हा मी चहाचा कप जरा आपटूनच ठेवते. पण इथे बसून जळण्यापेक्षा तुमच्या डोळ्यांदेखत जळलेलं बरं. मे महिन्यात दोघं येतो, पेरणी होईतो राहू. बांध दुरुस्त करायचे असतील तर आमच्यासाठी ठेवा.

मला मातीतलं काही म्हणजे काही येत नाही. काल जेवताना हे यांना सांगितलं आणि मला शिकवाल का, म्हणून विचारलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग बांध कसा घालायचा, दगड कुठला घ्यायचा, पाण्याला वाट कुठे ठेवायची, असं बोलत सुटले. ताटातला भात गार झाला, दोघांचाही.

लोभ तर होताच, आता त्यात थोडा हेवाही धरून चाला.

तुमची,
वनमाला