चौकटीवरच्या खडूच्या रेघा

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! धाकटी बहीण म्हणाली, ताई, त्रेसष्टाव्या वर्षी तरी घरात बूड टेक. टेकवेना. सूतगिरणीतल्या मुलांना रोज तासभर शिकवायला बाई हवी, अशी जाहिरात वाचली आणि ट्रंक भरली. खोली वर्गाला लागूनच. स्वच्छ खिडकी, कोट अडकवायला खुंटी, अगदी हाताच्या उंचीवर. मुकादमाने स्वतः ट्रंक वर आणली. गोडबोल्या माणसांवर माझा विश्वास नाही, पण ट्रंक जड होती.

मंगळवार, ४
गिरणी पाहिली. सूत कातणाऱ्या शेकडो चात्यांचा लांबलचक गाडा कापसाचे पेळू ओढत, पिळत पुढे येतो आणि सूत गुंडाळत मागे जातो. तो पुढे आला की ताणलेल्या धाग्यांखाली मुलं सरपटत शिरतात, सांडलेला कापूस झाडतात आणि तो मागे फिरायच्या आत बाहेर पडतात. बाहेर पडली तर. एकाला तीन बोटं नाहीत.
मुकादमाला विचारलं, लाज वाटते का. तो नम्रपणे म्हणाला, बाई, आमच्याकडे चौदा वर्षांखालचं एकही मूल नाही. कायद्याला वय लागतं, यंत्राला उंची. साळसूद खोटारडा!

शनिवार, ८
इथे दर शनिवारी माप घेतात. दाराच्या चौकटीला पाठ लावून मूल उभं राहतं, मुकादम डोक्यावर खडूची रेघ मारतो. चौकटीत खाली एक आडवी पट्टी ठोकली आहे. तिच्याखाली मावेल तो गाड्याखाली.
नन्सच्या शाळेत आमच्या झग्यांची लांबी पट्टीने मोजत. तेव्हापासून मापाची मला चीड. म्हटलं, गुरं आहेत का ही? मोजायचंच तर आधी मला मोजा! आणि राहिले उभी. त्याने अदबीने रेघ मारली.
एकही मूल हसलं नाही. चौतीस वर्षांत माझा असा वर्ग नव्हता. सगळ्यांत लहान, जिला टिकली म्हणतात, तिने डोळे मिटून घेतले.

गुरुवार, १३
टिकली खडू मोडून अर्धा करते, मग फळ्यावर लिहिते. अख्खा खडू किंचाळतो, हे आम्हा शिकवणाऱ्या बायांनाच ठाऊक असतं. हुशार आहे पोर. ठरवलं, रविवारी टपालगाडीतून हिला बहिणीकडे न्यायचं. तिला माझ्या वाटचं दूध दिलं. म्हटलं, उंच हो, पट्टीच्या वर गेलीस की सुटलीस. तिने माझ्याच हातावर थोपटलं, लहान मुलाला समजवावं तसं.

शनिवार, १५
आजही आधी मीच उभी राहिले. माझी रेघ चार बोटं खाली. मुकादमाचा हात थरथरतो म्हणायचा. कोटाच्या बाह्याही बोटांवर येतात. कोट आटवला म्हणून परटिणीला झापलं.

रविवार, १६
टिकली आली नाही. टपालगाडी गेली.

मंगळवार, १८
खुंटीला हात पोचत नाही. स्टूल लागलं.
आज चौकट नीट पाहिली. प्रत्येक मुलाच्या रेघा वरून खाली येतात. वरून खाली. टिकलीची पहिली रेघ माझ्या पहिल्या रेघेच्याही वर आहे. बाजूला वळणदार अक्षरात लिहिलंय — बाई.
तिला धरून विचारलं. ती म्हणाली, अकरा वर्षांपूर्वी तीच जाहिरात वाचून आले. मलाही असाच राग आला होता. म्हटलं, आधी मला मोजा.
बाकीचे? तेही, म्हणाली. कोणी गवंडी, कोणी दाई.
पळाली का नाहीस? पळाले, म्हणाली. पळालेलं मूल लोक कान धरून परत आणतात.

गुरुवार, २०
सरकारी इन्स्पेक्टर आला. धावत गेले, सगळं सांगितलं. माझाच आवाज किती बारीक — त्याने गालाला हात लावून वय विचारलं. त्रेसष्ट म्हटलं. पोट धरून हसला. मुकादमही हसला. काखांत हात घालून त्याने मला उचलून बाजूला ठेवलं. ठेवलं!

शनिवार
पट्टीखाली मावले. वाकावं लागलं नाही.

नंतर
टिकली शिकवते — गाडा पुढे, सहा मोजायचे, मान खाली, सातला बाहेर. माझे गुडघे आता दुखत नाहीत. तेच भयंकर —

टिकलीची बाही अडकली. सहा झाले. मी हात धरला होता. सात —
हात माझ्याकडे राहिला —
गाडा थांबवला नाही कोणी.

तारीख माहीत नाही
नवी बाई आली. ट्रंक. गोरा गोल चेहरा, ताठ मान. मुकादमाला विचारते आहे, लाज वाटते का. शाबास — नको, शाबास नको —

ही वही तिला द्यायची. मोठं अक्षर काढलं, बाई माप देऊ नका. हात वळत नाही नीट.

दिली. तिने एवढंच पान पाहिलं. म्हणाली, बाळ, आधी अक्षर सुधारू या. वही परत दिली.

आज शनिवार. आम्ही रांगेत. ती लाल झालीय रागाने. म्हणतेय, गुरं आहेत का ही. मी पाय ओढतेय तिचा, झगा ओढतेय — ती हसली, केसांवरून हात फिरवला — बाई, नको ना — ती म्हणतेय आधी — चौकटीला पाठ —